पालथ्या उखळावरचा वाइस

मी वाइस बोलतोय. पण स्वतःचं सांगण्याआधी एका नवसाचं सांगतो, कारण आज मी जिथं बसलोय तिथं त्या नवसानंच मला आणून बसवलं.

यवतमाळात एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर, दारामागं, गोणपाटात गुंडाळून मी पडलो होतो. समोर पंचफुलाबाई देवापुढं बसलेल्या. सोमवार होता, पोटात नुसता चहा. त्यांनी पदर पसरला आणि नवऱ्यासाठी हळूच म्हणाल्या, “माय महालक्ष्मी, यायच्या हाताले काम लागू दे. लागलं का माह्या सासूच्या उखळात पाच पायल्या जवारी एकटीनं कांडीन, तिची आंबील करीन, अन् साऱ्या बिल्डिंगले पाजीन.”

सासूचं ते उखळ तिथंच कोपऱ्यात उभं होतं. बाभळीच्या बुंध्यातून कोरलेलं, गुडघ्याएवढं उंच, चार माणसांनी धापा टाकत वर चढवलेलं. त्या घरातले सगळ्यात जड आणि सगळ्यात बिनकामाचे आम्ही दोघंच.

आता माझं. मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. मला दोन जबडे आहेत, मधे आट्यांचा दांडा, आणि तो फिरवायला एक मूठ. लोखंड घासायचं किंवा कापायचं असलं की ते हलू नये म्हणून मी दातांत धरून ठेवतो. शिकल्यासवरल्यांच्या पुस्तकात मला शेगडा म्हणतात म्हणे. काम ऐकायला सोपं वाटतं. पण धरून ठेवणाऱ्याला मधेच सोडून चालत नाही, त्यामुळं थकवा अंगात मुरत जातो, गंजासारखा.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका भट्टीतला. वाळूच्या साच्यातून निघालो, हिरवा रंग लागला, आणि रेल्वेनं, मग ट्रकनं यवतमाळजवळच्या एका जिनिंग कारखान्यात आलो. तिथं सागाच्या जाडजूड टेबलावर मला चार बोल्टांनी कसलं. कसणारा हात रामरावांचा, पंचफुलाबाईंच्या नवऱ्याचा होता. तेव्हा ते चोवीस वर्षांचे, फुलसावंगीच्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, नुकताच फिटर म्हणून लागलेला.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात लांब पाती असतात. ती सरळ राहिली तर रुई स्वच्छ निघते, जरा वाकली तर सरकी फुटते. ती पाती माझ्या जबड्यात धरून रामराव कानस चालवायचे. हंगामात माझ्या अंगावर रुईचा थर बसायचा, मी म्हाताऱ्यासारखा पांढरा दिसायचो. खांडेनवमीला मला झेंडूचा हार आणि कुंकू. बाकी वर्षभर लोक माझ्यावर बिड्या विझवायचे, चहाचे कप ठेवायचे, आणि काही सुचेनासं झालं की माझ्या मुठीवर हात ठेवून उभे राहायचे. माणसाला विचार करायला काहीतरी धरावं लागतं, हे मी तिथंच शिकलो.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. फाटकासमोर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग दूर रस्त्यापर्यंत जायची, ती आखूड होत गेली. गाडीवान पूर्वी चेष्टामस्करी करायचे, ते गप्प बसू लागले. एका वर्षी दसरा आला आणि यंत्रांचे पट्टे फिरलेच नाहीत. जिनिंग बंद झालं. जिनिंगनं दिलेलं क्वार्टर सोडायचा दिवस आला तेव्हा रामरावांनी मालकाला म्हटलं, “मले तेवढा हा वाइस देता का?” मालक म्हणाले, “घेऊन जा. नाहीतरी भंगारातच जाणार.”

रामरावांचा भाचा पुण्याला असतो. त्याचा यवतमाळातला फ्लॅट रिकामा होता, तिथं दोघं राहायला गेले. मला वर चढवताना पहिल्या मजल्यावरचे जलालभाई मदतीला आले. गाद्या भरण्याचा त्यांचा धंदा. मला उचलून ते कळवळले, “रामरावभाऊ, आमच्याकडं एवढ्या वजनात बारा माणसं झोपतात!”

मला पाय नाहीत, पण बूड घट्ट लागतं. मीच हललो तर दुसऱ्याला काय धरणार? आणि फ्लॅटमध्ये मला बसवायला काहीच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात रामरावांनी मला ओट्याला कसून बघितलं. भोक पाडताना कडप्पा कोपऱ्यापासून नळापर्यंत तडकला. पंचफुलाबाईंनी त्या तड्यावर पोळपाट ठेवला, तो कायमचा तिथंच राहिला.

मग दिवाणाच्या काठावर बसवलं, तर त्याचं प्लायवूड उकललं. मग गॅलरीच्या कठड्यावर. तिथून पहिल्याच हिसक्याला प्लास्टरसकट उपटलो आणि फरशीवर पडलो. दोन मिनिटांत जलालभाईंच्या पत्नी जैबुनबी दारात.

“भाभी, छत पाडून राह्यले का तुम्ही? माझ्या चहात चुना पडला ना!”

रामरावांची मान खाली गेली. त्याच आठवड्यात भाच्याचाही फोन आला, “मामा, राहा खुशाल, पण भिंतीले हात नोका लावू.” रामरावांनी मला गोणपाटात गुंडाळलं.

तिथून माझी रया गेली. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मला त्याला टेकवलं. ओल्या पोछ्यानं बुडाला गंज धरला. चतुर्थीला माझ्या पाठीवर नारळ फुटायचा, तेवढाच माझा उपयोग. रामराव दुपारभर खुर्चीत बसायचे. त्यांची बोटं आपोआप फिरायची, मूठ आवळल्यासारखी. ते बघवत नव्हतं. पंचफुलाबाईंनाही बघवलं नसावं, म्हणून तर त्या सोमवारी त्यांनी पदर पसरला.

भाच्यानं नागपूरला एका बिल्डिंगवर वॉचमनची जागा बघून ठेवली होती. खोली एकट्यापुरती. अठ्ठावन्नाव्या वर्षी रामरावांनी तिकडं राहायचं आणि पंचफुलाबाईंनी इकडं. महालक्ष्म्या झाल्यावर जायचं ठरलं.

पोळा सरला आणि तनवीर आला. जिनिंगमध्ये रामरावांच्या हाताखाली शिकलेला, आता पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये मिस्त्री. त्यानं कापडात गुंडाळलेली बारा पाती आणली होती.

“उस्ताद, औंदा आमचा मालक चालू करून राह्यला. पात्यांची पार वाट लागली. तुमच्यावाणी हात कोणाचा नाही. आठ दिवसांत ही सरळ करून द्या, मंग हंगामभर तुमच्याकडंच आणत जाईन.”

“कर्तो,” रामराव म्हणाले. कशावर करणार, हे ना त्यानं विचारलं, ना यांनी सांगितलं.

तो गेल्यावर रामराव घरभर फिरले. माझ्यापाशी थांबले. मग उखळापाशी थांबले, त्याच्या बुडाशी थाप मारली. भरीव बाभळ. त्यांनी बायकोकडं पाहिलं.

“अवं, हे उखळ पालथं घातलं तं?”

“पालथं?” पंचफुलाबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. “तुमची मायच सांगे ना, उखळ पालथं घातलं का घरातलं अन्न उठते म्हणून. अन् माहा नवस? काम लागल्यावर त्यातच कांडाची हाय मले. तुम्ही त्यावर स्क्रू ठोकसान, मंग मी कांडू कशात, तुमच्या टोपीत?”

रामराव हसले नाहीत. “बरं. राह्यलं,” म्हणाले, आणि माळ्यावरून नागपूरला न्यायची बॅग काढून झटकू लागले.

असा पेच होता. काम लागलं तर उखळ उभं हवं, आणि काम लागायलाच ते पालथं हवं. मी दारामागून दोघांकडं बघत होतो. मी आयुष्यात पुष्कळ वाकड्या गोष्टी धरल्यात, पण ही कुठून धरावी ते मलाही कळेना.

पंचफुलाबाई दिवसभर देवापुढं बसून राहिल्या. जप चालला होता की नुसतंच बसणं, सांगता येत नाही. संध्याकाळी निरांजन लावताना मी त्यांचं बोलणं ऐकलं.

“माय, मी तुले म्हटलं, आधी तू दे, मंग मी देईन. हे काही बरं नाही केलं मी. तू कधी मले असं म्हटलं का? माह्याकडलं आताच घे. तुह्याकडलं तुह्या सवडीनं दे.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. त्यांनी जवारीला पाण्याचा हात लावून ठेवला, उखळ हॉलच्या मधोमध सरकवलं, मुसळाला हळदीकुंकू लावलं आणि कांडायला लागल्या. धप्प. धप्प. धप्प. पहिली पायली व्हायच्या आत जैबुनबी वर.

“या अल्ला! आता काय कांडून राह्यल्या? आमचा पंखा हलून राह्यला, भाभी!”

पंचफुलाबाई घामानं निथळत होत्या. मुसळाला टेकून त्यांनी सगळं सांगितलं. पाती, नागपूर, नवस, पालथं उखळ. जैबुनबी दाराच्या चौकटीत उभ्या राहून ऐकत होत्या.

“म्हणजे काम अजून लागलं नाही?”

“नाही.”

“अन् नवस फेडून राह्यल्या?”

“हव.”

जैबुनबी तडक खाली गेल्या. मला वाटलं, रागावल्या. थोड्या वेळानं जलालभाई खांद्यावर एक गादी घेऊन आले. दोन हात लांब, दोन हात रुंद, आणि वीतभर जाड. “बैठकीची होती,” ते म्हणाले, “पण औंदा कापूस कोणी विचारत नाही, म्हटलं आपल्याच कामी येऊ दे.” त्यांनी उखळ तिरपं केलं, गादी खाली सारली. पंचफुलाबाईंनी मुसळ घातलं. आवाज नुसता ‘हुं’ असा आला, कोणी झोपेत होकार द्यावा तसा.

जैबुनबींनी मागून येऊन सूप हातात घेतलं. पंचफुलाबाई गडबडल्या. “एकटीनं कांडीन म्हटलं हाय मी.”

“कांडा ना एकटीनं. पाखडीन म्हटलं होतं का?”

संध्याकाळपर्यंत पाच पायल्या झाल्या. पंचफुलाबाईंचे तळहात सोलले होते. त्यांच्या हातांकडं पाहून मला माझे झिजलेले दात आठवले. दुसऱ्या दिवशी ताक घातलेली आंबील तिन्ही मजल्यांवर गेली. जलालभाईंनी दोन पेले घेतले आणि विचारलं, “लागलं वाटते काम?” पंचफुलाबाई म्हणाल्या, “लागंल.”

मग त्यांनी उखळ धुतलं, पुसलं, आत कुंकवाचं बोट लावलं. ओंजळभर जवारी फडक्यात बांधून त्याच्या पोटात ठेवली. “सासूबाईनं पालथं घालू नोको म्हटलं, ते रिकामं म्हणून,” त्या म्हणाल्या, “हे काही रिकामं नाही.” आणि रामरावांच्या जोडीनं स्वतः हात लावून त्यांनी ते गादीवर पालथं केलं.

रामरावांनी गिरमिटानं चार भोकं पाडली. चार लांब स्क्रू आवळले. कितीतरी महिन्यांनी माझं बूड टेकलं. उखळाच्या वजनानं गादी दबून घट्ट झाली होती. मी हललो नाही.

पात्याची लांबी साडेचार फूट. ते माझ्यात धरलं की त्याचं टोक दारातून बाहेर जिन्यावर जायचं. रामरावांनी टोकाला लाल चिंधी बांधली. जलालभाई वर येताना थबकले, “रामरावभाऊ, नाका बसवला का? वर जाऊ का पावती फाडू?” त्या दिवशी रामराव हसले.

पण काम सोपं नव्हतं. तेहतीस वर्षं उभ्यानं कानस चालवलेला माणूस आता पाटावर बसून चालवत होता. पहिलं पातं बिघडता बिघडता राहिलं. हात थांबायचा, गुडघे भरून यायचे, डोळ्यांना पाणी सुटायचं. पंचफुलाबाई तेलाची वाटी आणून ठेवायच्या. मीही जुना झालोय, माझे आटे सैल. दोघांनी एकमेकांना सांभाळत रोज दोन-तीन पाती उरकली.

आठव्या दिवशी, महालक्ष्म्या बसायच्या आदल्या सकाळी, तनवीर आला. एकेक पातं घेऊन गॅलरीत गेला, सरळ पट्टी लावून उजेडाकडं धरलं. मधून प्रकाशाची रेघ दिसली तर पातं वाया. पंचफुलाबाई देव्हाऱ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. मागायचं ते मागून झालं होतं, द्यायचं ते देऊन झालं होतं.

बारावं पातं खाली ठेवून तनवीर म्हणाला, “उस्ताद, उजेड घुसून नाही राह्यला. परवा दुसरा गठ्ठा आणतो.”

रामरावांनी माझ्या मुठीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. बॅग माळ्यावर गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. फार काही बदललं असं सांगणार नाही. काम हंगामापुरतंच येतं, एखाद्या वर्षी येतही नाही. रामरावांना जाड चष्मा लागला. माझा डावा जबडा घासून गुळगुळीत झालाय, बारीक वस्तू निसटते. जलालभाईंनी गादी दोनदा बदलली. मी थकलोय, हे लपवत नाही.

पण दरवर्षी भाद्रपदात रामराव माझे चार स्क्रू काढतात, मला भिंतीशी ठेवतात आणि उखळ उभं करतात. फडक्यातली जवारी पाखरांना जाते. पंचफुलाबाई कांडतात. आता पाच पायल्या होत नाहीत, एक होते. जैबुनबी पाखडतात आणि गुडघ्यांच्या तक्रारी सांगतात. त्या वर्षी काम येणार की नाही, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. मग नवी जवारी पोटात घेऊन उखळ पालथं होतं आणि मी परत वर. भोकं सैल झालीत म्हणून त्यांत आगकाड्यांचे तुकडे भरावे लागतात. तरी बूड अजून हलत नाही.

तुम्हीही कुठं, कुणापुढं पदर पसरून किंवा हात जोडून बसला असाल. ‘हे झालं की ते करीन’ असं म्हणाला असाल. एवढं ऐका माझं. ते करायचं आहे, ते आजच करून टाका. पाच पायल्या नाही झेपल्या तर ओंजळभर कांडा. आणि खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल, तर मुसळ उचलायच्या आधी त्यांच्या दारावर थाप मारा. पाखडायला कुणीतरी लागतंच.