अठरा मीटर वायर

दोनदा लाईन तुटली होती. तिसऱ्यांदा तुटली तर दुभाष्यांच्या यादीतून नाव काढू, असं एजन्सीनं गोड शब्दांत कळवलं होतं. ती घरी बसून दवाखान्यांसाठी व्हिडिओवर काम करायची. डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलत, ती पेशंटला त्याच्या भाषेत सांगे. मागच्या खेपेला "रिपोर्ट आलाय, त्यात..." इथवर सांगून झालं आणि पडदा गोठला. समोरची बाई अर्ध्या वाक्यावर लटकत राहिली. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. नवरा गेल्याला पाच महिने झाले होते, आणि या पाच महिन्यांत वाटायला हवं असं बरंच काही वाटायचं राहूनच गेलं होतं.

रविवारी वायरमन आला. नणंदही आलेली होती. वायरमन मोबाईल हातात धरून राऊटरपासून तिच्या टेबलापर्यंत चालत गेला.

"राऊटरपाशी उणे बेचाळीस, टेबलापाशी उणे ब्याऐंशी. शून्याच्या जेवढं खाली, तेवढं सिग्नलचं मरण. पण मध्ये भिंत तर एकच."

"चार अँटेनांचा राऊटर घेतला तर?" नणंदेनं विचारलं.

"ताई, झुमके घातले म्हणून कानाला जास्त ऐकू येत नाही." मग तो फिशटँकसमोर थांबला. "हा बघा चोर. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. अडीचशे लिटर, आणि तेही बरोब्बर मधोमध!"

टँक नवऱ्याचा होता. दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.

"देऊन टाक, वहिनी," नणंद म्हणाली. "मी तर तिकडे बघतच नाही. काचेवर नाक टेकवून उभा असलेला दादाच दिसतो."

"टँक गेला तर माझं कामच नाही," वायरमन म्हणाला. "नाहीतर अठरा मीटर वायर, भिंतीच्या कडेनं पट्टीतून. दोन भोकं पाडावी लागतील. दिसायला बरं नाही, पण तुटायचं नाव नाही."

"वायर टाका," ती म्हणाली.

नणंदेनं तिला मिठीच मारली. "मला ठाऊक होतं! दादाचे मासे तू कसे देशील?"

"अगं चिमे, ड्रिल चाललंय, बाजूला हो," तिनं नणंदेला सरकवलं.

खरी गोष्ट एवढीच होती की टँक द्यायचा म्हणजे माणूस शोधा, फोन करा, का देताय ते सांगा, पाणी उपसा. वायरला नुसतं 'हो' म्हणून भागत होतं.

सोमवारी सकाळी तिनं लाईन तपासली. चाचणीचे हजार संदेश पाठवले, हजारच्या हजारांना उत्तर आलं, एकही वाटेत हरवला नाही. अकराला पहिला कॉल आला.

पडद्यावर डॉक्टर आणि साधारण तिच्याच वयाची एक बाई. बाईच्या मांडीवर कपड्यांची पिशवी. डॉक्टर सावकाश बोलले आणि थांबले. आता तिची पाळी. नियम साधा होता: शब्द गाळायचा नाही, मऊ करायचा नाही, आपलं काही घालायचं नाही.

तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या खुणेकडे गेली. तुटू दे, तिच्या मनात आलं. आत्ता तुटू दे, नाव काढलं तरी चालेल. कित्येक महिन्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी हवंसं वाटलं होतं.

चित्र लख्ख होतं. बाईच्या बाहीचा सुटलेला दोरासुद्धा दिसत होता.

"तुमचे मिस्टर आज सकाळी सव्वानऊला वारले," ती म्हणाली.

बाईनं पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग तिनं विचारलं, "सकाळी त्यांनी काही खाल्लं होतं का?"

डॉक्टर तिच्या भाषांतराची वाट बघत होते. पहिला शब्द निघेना. दुसऱ्या प्रयत्नाला निघाला, आणि तिनं प्रश्न होता तसा डॉक्टरांना विचारला.