घरूनच धुऊन आलेले पाय

येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी पनवेलच्या एका चर्चमध्ये फादर इनास बारा पुरुषांचा एकेक पाय धुऊन त्याचं चुंबन घेतात. आणि हे बाराही जण घरूनच पाय घासूनपुसून येतात! फादरना मळ दिसला तर अब्रू जायची ना.

यंदा दिनानाथचा नंबर लागला होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचं गोदाम. अंगणात बसून त्याने वजरीने टाचा लाल होईपर्यंत घासल्या. तेवढ्यात त्याची सहा वर्षांची लेक मनस्वी धावत आली आणि तिच्या चपलेचा चिखल त्याच्या पायावर उडाला. त्याने पोरीच्या पोटात लाथ घातली. बायको वेणू मध्ये पडली, तर त्याने हाणलेला तांब्या तिच्या कपाळात बसला आणि रक्त त्याच पायावर सांडलं.

"परत धू," दिनानाथ म्हणाला. "उपास हाय माझा. शिवी द्यायला लावू नको."

वेणूने धुतला. पदराने पुसलासुद्धा. पण तिचं रक्त उकळत होतं. आज सगळ्यांदेखत बोलायचंच, असं तिने ठरवलं. बारांत तिचा सख्खा भाऊ हरेशही होता. तो तरी पाठीशी उभा राहील.

चर्चमध्ये अकरा पाय धुऊन झाले. फादर दिनानाथच्या पायावर ओठ टेकवायला वाकले, तशी मनस्वीला बाकावर बसवून वेणू उठली. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला.

"फादर, त्या पायाचा मुका घेऊ नका. मघाशी त्याच पायानं यानं माझ्या पोरीला लाथ मारलीय."

दिनानाथ झेपावला. क्रुसासमोर त्याने तिला झिंज्या धरून आपटलं, छातीवर गुडघा रोवून थोबाडात हाणल्या. म्हातारे फादर आडवे आले, त्यांनाही लोटून पाडलं.

"दादूस!" वेणू हरेशकडे बघून किंचाळली. "सोडव ना रं!"

हरेश हलला नाही. धुतलेल्या पायाला फरशीची घाण लागू नये म्हणून त्याने तो वर धरला होता. अकराही जणांनी धरला होता.

नवऱ्याचा मार वेणूला नवा नव्हता. ते वर धरलेले पाय बघून मात्र तिच्या मस्तकात तिडीक गेली. पाय धुण्याची परात हाताला लागली, ती तिने पाण्यासकट दिनानाथच्या तोंडावर हाणली. त्याचं नाक फुटलं. लाल झालेलं पाणी खुर्च्यांखाली पसरत गेलं, तेव्हा अकरा जणांनी दुसरेही पाय उचलून घेतले.

वेणूने मनस्वीला कडेवर घेतलं आणि त्या पाण्यातून चालत ती बाहेर पडली.