द्वारकेच्या गच्चीवरचा समुद्र

मित्रांनो, मी एकडोळ्या सूक्ष्मदर्शक आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. गवतात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून मला पानिपतमार्गे दिल्लीला आणलं, तेव्हा माझी पितळी नळी नुसती झळकत होती. माझ्या पोटात दिवा नाही. पायाशी एक गोल आरसा आहे. बाहेरचा उजेड तो वर पाठवतो, एवढंच माझं बळ.

एका संशोधन संस्थेत मी वर्षानुवर्षं कांद्याची साल आणि डबक्यातले जीव दाखवले. मला बघायला पोरं रांग लावत. मग देशाचे दरवाजे उघडले आणि परदेशी यंत्रं भराभर येऊ लागली. आमच्याकडेही एक आलं. त्याला स्वतःचा दिवा होता आणि ते टीव्हीच्या पडद्यावर चित्र दाखवायचं. मला 'कंडेम', म्हणजे निकामी, ठरवून जिन्याखाली ठेवलं. कोळ्याने माझ्या डोळ्यावर जाळं विणलं.

तिथे सुनेत्रा नावाची संशोधक होती. तिने मला रीतसर मागून घेतलं आणि द्वारकेच्या, म्हणजे दिल्लीच्याच त्या नावाच्या उपनगरातल्या, नव्या फ्लॅटमध्ये आणलं. त्या वेळी द्वारका म्हणजे अर्ध्या रिकाम्या सोसायट्या, धूळ, पाण्याचे टँकर आणि डोक्यावरून जाणारी विमानं. घरी तिचा नवरा विनायक, मुलगी कृतिका आणि सासरे भाऊसाहेब. भाऊसाहेबांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीत गेली होती. मला कपाटावर बसवताना ते म्हणाले, "आणखी एक पेन्शनर आला म्हणायचा घरात."

सुनेत्राचं काम होतं समुद्री साळिंदरावर. हा काट्यांच्या चेंडूसारखा एक प्राणी. त्याची अंडी काचेसारखी आरपार दिसतात, म्हणून जीव कसा घडतो हे त्यात पाहता येतं. पण दिल्लीला समुद्र कुठला? प्राणी किनाऱ्यावरून विमानाने यायचे. आधीच्या दोन्ही खेपांतले प्राणी वाटेतच मेले होते. ही तिसरी खेपही वाया गेली, तर काम बंद करायचं असं वरून ठरलं होतं.

वसंतातल्या एका सकाळी विनायकसोबत ती विमानतळावर गेली. प्राणी जिवंत होते, पण प्रवासात हिंदकळून आपापल्या पिशवीत माद्यांनी अंडी नि नरांनी बीज सोडायला सुरुवात केली होती. संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्या दिवशी मोर्चामुळे रस्ते तुंबलेले. अंडी तेवढा वेळ ताजी राहणं शक्य नव्हतं. ती सरळ घरी आली. गर्भ आहे त्या स्थितीत थांबवणारं औषध आणायला विनायक स्कूटरवरून संस्थेकडे निघाला.

"किती वेळात आणू?" त्याने विचारलं.

"जमेल तितक्या लवकर. गर्भाच्या टोकाला लहान पेशी दिसायच्या आत. त्यांच्यापासूनच पुढे सांगाडा बनतो."

त्यातच लाइट गेली. सुनेत्राने मला गच्चीवर नेलं, माझी भिंगं पुसली आणि आरसा वळवला.

कृतिका म्हणाली, "आई, सूर्याकडेच कर ना यार!"

"बिल्कुल नाही. डोळे जातील. समोरच्या पांढऱ्या भिंतीचा उजेड पुरे."

तिने बशीत अंडी घेतली, त्यांत बिजाचा थेंब सोडला आणि त्यातलं थोडं पाणी काचपट्टीवर घेतलं. मित्रांनो, त्यानंतर जे घडलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. फुलक्याला पदर सुटावा तसा प्रत्येक अंड्याभोवती एक पातळ पडदा वर उचलला गेला. मग बराच वेळ काहीच हललं नाही. आणि अचानक एकाचे दोन झाले. दोनाचे चार. कुणी हात लावला नव्हता.

भाऊसाहेबांनी माझ्या डोळ्याला डोळा लावला, तो काढेचनात.

"हे सगळे तुकडे सारखेच ना गं?" त्यांनी विचारलं.

"आतला डीएनए अगदी सारखा. तरी कुणी आतडं होणार, कुणी सांगाडा. तेच कळत नाही."

भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे आमच्या कचेरीसारखं. नियमांचं जाडजूड पुस्तक प्रत्येक टेबलावर तेच. पण पेन्शनवाला पेन्शनचंच पान उघडतो."

"हो, तसंच! कोणत्या पेशीत कोणतं पान उघडलंय, ते मला बघायचंय."

"पण आई, पान उघडायला त्यांना सांगतं कोण?" कृतिकाने विचारलं. सुनेत्रा हसली. तिने काचपट्टीवर नवा थेंब घेतला.

दुपार कलली आणि समोरची भिंत सावलीत गेली. मी आंधळा झालो. बशीत गर्भ वाढतच होते. नेमकी वेळ चुकली तर सगळंच फुकट. भाऊसाहेब तडक खाली गेले, पलंगावरची पांढरी चादर ओढून घेऊन आले. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं कृतिकाने. उन्हात ताणलेल्या चादरीचा उजेड माझ्या आरशात उतरला, आणि गर्भाच्या एका टोकाला चार इवल्या पेशी स्पष्ट दिसल्या.

"आल्या!" सुनेत्रा ओरडली. "विनायक कुठे राहिला?"

तेवढ्यात जिन्यात धावती पावलं वाजली. घामाने भिजलेला विनायक बर्फाची पेटी पोटाशी धरून वर आला. सुनेत्राने गर्भ पहिल्या कुपीत घेऊन त्यांवर औषध अचूक सोडलं. मग ऊन असेपर्यंत ती एकेका अवस्थेचे गर्भ वेगळे काढत राहिली. भाऊसाहेबांचे हात भरून आले, पण त्यांनी चादर खाली ठेवली नाही.

काही आठवड्यांनी त्या गर्भांवर रंगाची परीक्षा झाली. जिथे सांगाड्याचं पान उघडलेलं, तिथेच निळा रंग चढायचा. नव्या यंत्राच्या पडद्यावर तो निळा दिसला. सगळीकडे नाही, फक्त त्या इवल्या पेशींच्या लेकरांत. बाकीच्यांकडे तेच पुस्तक, पण ते पान मिटलेलं. सुनेत्राचं काम चालू राहिलं. कौतुक नव्या यंत्राचंही झालं, आणि ते रास्तच होतं. तो निळा माझ्यातून इतका स्वच्छ दिसला नसता.

पण गच्चीवरच्या त्या दिवसानंतरची सकाळ माझी होती. औषधातून वगळलेले काही गर्भ बशीत राहिले होते. सगळे झोपलेले असताना भाऊसाहेब एकटेच गच्चीवर आले, सुनेने शिकवलं होतं तसा माझा आरसा वळवला आणि पाहिलं. काल जे नुसते ठिपके होते ते गोल गोल पोहत होते. म्हाताऱ्याने नकळत हात जोडले.

"द्वारकेला समुद्र हवाच," ते माझ्याशीच बोलल्यासारखे पुटपुटले.

हल्ली मी सोसायटीच्या वाचनालयात असतो. माझ्या आरशाला डाग पडलेत, चाक अडकतं. तरी कुणी डोळा लावला की मला बरं वाटतं. मित्रांनो, माझी भिंगं शर्टाच्या टोकाने नको, मऊ कपड्याने पुसा. काम झालं की झाकून ठेवा. आणि बघताना टेबलाला धक्का लावू नका. काचेखाली कुणाचा तरी पहिला दिवस चाललेला असतो.