एकाहत्तर सालचं कापलेलं पान

साप्ताहिकाच्या जुन्या अंकांची फाईल आणायला वाचनालयाच्या दाजीनं दोन तास लावले, आणि संजनाच्या मनात संशय पक्का झाला. पनवेलातलं ते वाचनालय एवढंसं, कपाटं चार. दोन तास कशाला लागतात?

संजना नेऱ्याकडच्या कातकरीवाडीची. बिल्डर निकेशनं तहसीलदाराकडे अर्ज टाकला होता, की वाडी पंच्याण्णव साली वीटभट्टीच्या मजुरांनी घुसून बसवली, ती उठवा. गुरुवारी सुनावणी. आता कातकऱ्याकडे कागद कुठून असणार? कागद करणाऱ्यांनी त्याला कधी दारात उभं केलं नाही. पण तिचा आजा मंगळ्या सांगायचा, एकाहत्तरच्या होळीनंतर वाडी जळाली आणि त्याची बातमी इथल्या साप्ताहिकात छापून आली.

तिनं मार्चचे अंक उलटले. सत्तावीस तारखेच्या अंकातलं एक पान गायब. ब्लेडनं सरळ कापलेलं.

"निकेशनं कापायला लावलं ना?" तिनं तोंडावर विचारलं.

दाजी चिडला नाही, हेही तिला खटकलं. "कड बघ, पिवळी पडलीय. हा काप तुझ्या जन्माआधीचा. इथं ज्याचं नाव छापून येतं तो पानच घेऊन जातो. आणि पुढच्या अंकात आभार मानतो. तो अंक बघ."

पुढच्या अंकात चौकट होती. बिनविरोध सरपंच झाल्याचा फोटो छापल्याबद्दल संपादकांचे आभार, आपला बळीराम. बळीराम म्हणजे निकेशचा आजा. म्हणजे पान त्यानंच नेलं, आणि वाडीची बातमीही त्याच पानावर असणार.

ती तडक करंजाड्याला निकेशच्या बंगल्यावर गेली. जुन्या सरपंचांची माहिती जमवतेय, असं त्याच्या आजीला, मालूला, सांगितलं. मालूनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, पाणी वेगळ्या ग्लासात दिलं. पण नवऱ्याचं नाव निघाल्यावर त्याच्या फोटोचं ते पान लावलेली भिंतीवरची फ्रेम स्वतः उतरवली. फोटो काढताना काचेवर उजेड मारतो, असं संजनानं म्हटल्यावर मागचे खिळेही काढले.

संजनानं पान उलटलं. 'नेऱ्यानजीक कातकरीवाडीस आग, तेवीस घरे खाक.' तिनं पटापट फोटो काढले.

तेवढ्यात निकेशची गाडी लागली. दाजीनं फोन केला असेल की नसेल, देव जाणे. निकेशनं बातमी वाचली आणि पान फाडायला हात घातला.

मालूनं ते छातीशी धरलं. "हात नको लावूस. आज्याचं तोंड हाय त्याच्यावर."

"आजी, मागं काय हाय ते तुला ठावं नाय."

"ठावं नाय, नि करून पण घ्यायचं नाय. फाडलंस तर या घरात पाय ठेवू नको."

निकेश संजनाकडे वळला. मोबाईलमधले फोटो कुणीही बनवतं, म्हणाला.

"गुरुवारी हेच सांगा," संजना म्हणाली. "साहेब अस्सल पान मागतील. कुठं टांगलंय ते मी सांगेन."

मालू तोवर खिळे परत ठोकत होती. बळीराम पुढं, वाडी भिंतीकडं.