खिडकीकडच्या रांगेतला पहिला

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि माझं मन काही मोठं नाही हे आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की फार सोज्वळ होतात. मला ते जमत नाही. माझं निम्मं आयुष्य एकाचा हेवा करण्यात गेलं, आणि तो दुसरातिसरा कोणी नव्हता, माझा सख्खा धाकटा भाऊ होता.

आम्ही बारा भाऊ. एका सुताराने शाळेच्या व्हरांड्यात ठाण मांडून आम्हाला घडवलं. मी पहिला. माझ्यावर त्याने चार दिवस घालवले. कोपरे घासले, बसायची फळी आणि लिहायची उतरती फळी अगदी मापात जोडली, पाय टेकायला खाली आडवी पट्टी दिली. मग चारी बाजूंनी गदागदा हलवून बघितलं. मी तसूभरही हललो नाही. बाराव्यापर्यंत येताना त्याचा उत्साह आणि लाकूड दोन्ही संपत आलं होतं. उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्याने धाकट्याला उभं केलं आणि त्याचा एक पाय अर्धं बोट आखूड राहिला. सुताराने डोकं खाजवलं आणि शिपाईमामांना सांगितलं, याला मागे ठेवा, तिथे कोण बघतंय.

अशा रीतीने दहावीच्या वर्गात, खिडकीकडच्या रांगेत मी सर्वांत पुढे आलो आणि धाकटा सर्वांत मागे गेला. मला केवढा अभिमान वाटला होता! फळ्याच्या इतक्या जवळ दुसरं कोणीच नव्हतं. पुढे कळलं की त्या मानाबरोबर दिवसभर खडूची पूडही खावी लागते. सर शिकवताना माझ्यावर हात टेकायचे, कधी डस्टर आपटायचे. माझ्यावर बसणारी मुलं पाठ ताठ ठेवायची, शाई सांडली तर लगेच पुसायची. त्यांनी माझ्यावर कधी रेघसुद्धा ओढली नाही. तेव्हा मला ते भूषण वाटायचं.

आणि मागे? मागे रोज जत्रा. धाकटा डुगडुगायचा आणि मुलांना त्यातच मजा वाटायची. त्याच्यावर दोघे बसायचे. एक काटकुळा, डोक्यावर केसांचं जंगल, त्याला सगळे झिपऱ्या म्हणायचे. दुसरा भरभक्कम, तो ढब्बू. ढब्बू बसला की धाकटा त्याच्या बाजूला कलायचा आणि झिपऱ्या आपोआप वर उचलला जायचा. दोघांनी त्याच्या अंगावर नावं कोरली, धावसंख्या कोरल्या, गणिताच्या सरांचं नाकही कोरलं. मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग तिकडे लोटायचा आणि माझ्यावर कोणीतरी दप्तर टाकून जायचं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्याचा पायसुद्धा धड नाही त्याचे एवढे लाड, आणि मी नाकासमोर बघणारा असून मला कोणी विचारत नाही!

खरं सांगायचं तर एक होती. तिला सगळे चष्मिस म्हणायचे. जाड भिंगांचा चष्मा, तरी तिला दुसऱ्या बाकावरून फळा दिसायचा नाही. म्हणून दहावीचं अख्खं वर्ष ती माझ्यावर बसली. लिहिताना ती इतकी वाकायची की तिचं नाक माझ्या फळीला लागायचं. एकदा चष्मा फुटला तेव्हा आठवडाभर ती नुसती ऐकत बसली होती, आणि दोन्ही हातांनी मला घट्ट धरून होती. परीक्षा संपली आणि तीही निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तरी तिला दिसलं नसतं म्हणा.

पुढे दहाएक वर्षांनी शाळेची डागडुजी झाली. आम्हा सगळ्यांच्या खाचाभेगांत लांबी भरून वरून चॉकलेटी रंग फासला. धाकट्याच्या अंगावरचं सगळं कोरीव काम त्याखाली गेलं. मला वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू? त्याच सुमारास दुपारचं ऊन फळ्यावर चमकतं म्हणून फळा समोरच्या भिंतीवरून काढून मागच्या भिंतीवर लावला. आता बाक उचलून इकडचे तिकडे कोण करणार? शिपाईमामांची कंबर तेव्हा धरलेली होती. त्यांनी प्रत्येक बाक होता त्याच जागी गर्रकन उलटा फिरवला आणि हात झटकले. म्हणजे बघा, पहिला होतो तो मी शेवटचा झालो आणि धाकटा पहिला झाला. मी मनात म्हटलं, आता माझे दिवस आले. पण माझं नशीब असं, की त्याच वर्षी शाळेत रोज जागा बदलण्याचा नियम निघाला. आज या बाकावर तर उद्या त्या बाकावर. मग कोणता बाक कोणाचा राहणार?

अशी वीस वर्षं गेली. एका शनिवारी शिपाईमामांच्या जागी आलेल्या शिपायाने वर्ग झाडला, खिडक्या उघडल्या, आणि तीस वर्षांपूर्वीची ती दहावीची मुलं वर्गात शिरली. मुलं कसली, कोणाचे गुडघे दुखत होते, कोणी आजोबा झालं होतं. बरोबर गणिताचे सर होते, काठी टेकत आलेले. झिपऱ्याच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस उरला नव्हता, तरी सगळे त्याला झिपऱ्याच म्हणत होते. शाळेत लोखंडी पायांचे नवे बाक येणार होते. आम्हा बाराही जणांना सोमवारी वखारवाला जळणासाठी नेणार होता. या मंडळींनी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, विनंती करून एक बाक वाचनालयात आठवण म्हणून ठेवायची परवानगी मिळवली होती. एकच. कोणता ते सांगायची गरजच नव्हती.

आणि मित्रांनो, ती सगळी मंडळी थेट माझ्याकडे आली.

खिडकीजवळचा शेवटचा बाक म्हणजे मीच की! झिपऱ्याने मला अक्षरशः मिठी मारली. जो तो माझ्यावरून हात फिरवू लागला. कोणी म्हणालं, खिडकी डाव्या हाताला होती ना? त्याला सगळ्यांनी हसून गप्प केलं. कोणी म्हणालं, हा डुगडुगत कसा नाही? झिपऱ्याने लगेच उत्तर दिलं, की आता फरशी नवी घातली आहे, तिच्यावर कसा डुगडुगेल? माणसांना जे हवं असतं त्याला कारणं पटापट सुचतात. मोठ्या बाईंनी खडूने माझ्या फळीवर ‘ठेवायचा’ असं लिहिलं.

मग गोष्टी सुरू झाल्या. डब्यात लपवून आणलेलं मांजराचं पिल्लू, ढब्बूचं इतिहासाच्या तासाला घोरणं, सरांनी फेकलेला आणि झिपऱ्याने हवेत झेललेला खडू. शेवटच्या बाकावर जागा दोघांची, पण त्या दिवशी अकरा जणांनी तिच्यावर हक्क सांगितला. त्यातली तीन माणसं वर्षभर पुढच्या बाकांवर बसून घोकंपट्टी करायची, हे मला ठाऊक आहे. सरसुद्धा म्हणाले, की मागची पोरं एकूण एक आठवतात, पुढे कोण बसायचं ते काही केल्या आठवत नाही; ती आपली लिहीत असायची. माझं एवढं कौतुक चाललं होतं आणि त्यातला एक शब्दही माझा नव्हता. माझ्या अंगावर धाकट्याचे लाड चालले होते. तो तिकडे फळ्याजवळ रिकामा उभा होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. तरी एक गोष्ट पक्की होती. मी वाचणार होतो.

ढब्बू आला नव्हता. तो गेल्या थंडीत गेला, हे झिपऱ्याने सरांना हळूच सांगितलं. वाचनालयात ठेवताना बाकावर त्याच्या नावाची पितळी पट्टी लावायची, असं झिपऱ्याच्या मनात होतं.

एवढ्यात चष्मिस आली. तिचं चष्म्यांचं दुकान होतं, गिऱ्हाइकामुळे उशीर झाला म्हणाली. मी तिला आवाजावरून ओळखलं. ती सगळ्यांशी दोन शब्द बोलली आणि सरळ पुढे गेली, फळ्याजवळ, आणि धाकट्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवत बसली. अहो, जगात एकच माणूस माझं होतं, तेही त्याने नेलं! त्या क्षणी मला वखारवाल्याची गाडी आठवली आणि धाकटा तिच्यात चढलेला दिसला. मला बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

धाकटा तिच्याखाली डुगडुगला. चष्मिस दचकली. पुन्हा एकदा हलून बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. उठली आणि हळूहळू चालत माझ्यामागच्या भिंतीपाशी आली. चुन्याच्या थरावरून तिने हात फिरवला. तिथे फळा टांगायच्या दोन खुंट्यांचे टवके अजून होते. मग तिने झिपऱ्याला जरा सरकायला सांगितलं आणि माझ्यावर बसली. खालच्या आडव्या पट्टीवर दोन्ही पाय टेकवले. तिला कळलं होतं. तिच्या दोन्ही हातांनी मला धरलं, त्याच जागी.

मी मनातल्या मनात तिला विनवत होतो, गप्पच राहा बाई. नुसती गप्प राहिलीस तरी मी वाचतो. तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

शेजारी झिपऱ्या माझ्या डाव्या कडेवर बोटं फिरवत होता. तो म्हणाला, “ढब्बू इथे बसायचा. इथेच पट्टी लावू.”

“ढब्बू या बाकावर कधी बसलाच नाही रे,” चष्मिस म्हणाली.

“म्हणजे?”

“हा माझा बाक आहे, पहिला. फळा तेव्हा या भिंतीवर होता. तुमचा तो तिकडचा.”

झिपऱ्या हसला. म्हणाला, “काहीतरीच काय बोलतेस?”

“जाऊन बसून तर बघ.”

तो नाइलाजाने उठला, धाकट्यावर जाऊन बसला, आणि धाकटा त्याच्या बाजूला कलला. झिपऱ्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

“हा माझ्या बाजूला कधीच कलला नव्हता,” तो म्हणाला, आणि त्याने टकलावरून हात फिरवता फिरवता डोळे पुसून घेतले.

मोठ्या बाईंनी माझ्यावरचा ‘ठेवायचा’ ओल्या फडक्याने पुसला आणि धाकट्यावर लिहिला. चष्मिसचा मला इतका राग आला होता म्हणून सांगू! जिच्यासाठी मी वर्षभर हललो नाही, तिनेच माझा घात केला. जाताना तिने मोठ्या बाईंना काहीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, आता ते वखारवाल्याच्या हातात आहे. शनिवार, रविवार मी रिकाम्या वर्गात कुढत काढले. धाकट्याला आधीच वाचनालयात नेलं होतं. तिकडे फरशीवरून त्याला ओढतानाचा आवाज मी ऐकला आणि त्याचंही मला वाईट वाटलं नाही.

सोमवारी वखारवाल्याच्या गाडीत मी सर्वांत वर होतो. वखारीच्या फाटकाशी चष्मिस उभी होती. वखारवाल्याने मला खाली उतरवलं, हलवून बघितलं आणि म्हणाला, “न्या ताई. इतकं सरळ काम फोडायला माझाही हात धजला नसता.”

गेलं वर्षभर मी चष्मिसच्या दुकानात आहे. समोरच्या भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता लावलेला आहे आणि डोळे तपासायला आलेली मुलं माझ्यावर बसून तो वाचतात. काही घाबरतात आणि मला घट्ट धरतात. तरी मी सुखी आहे असं समजू नका. धाकट्याला पितळी पट्टी मिळाली, त्याच्यावर भाषणं झाली, त्याचा फोटो निघाला, हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मी झुरत होतो.

मग मागच्या आठवड्यात झिपऱ्या दुकानात आला. जवळचं वाचता येत नाही म्हणाला. चष्मिसने त्याला माझ्यावर बसवलं. तक्ता वाचून झाला तरी तो उठेना.

“शाळेत जाऊन येतो अधूनमधून,” तो म्हणाला. “पण त्याच्याभोवती दोरी बांधलीय. पाटी लावलीय, ‘यावर बसू नये’ म्हणून. मलाही बसू देत नाहीत गं.”

चष्मिसने त्याच्यासाठी चहा मागवला आणि तो संपेपर्यंत तो माझ्यावर बसून राहिला. माझ्या डाव्या बाजूची जागा त्याने मोकळी सोडली होती.

मित्रांनो, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या भावाची काळजी वाटली. बाकावर कोणी बसलं नाही तर त्याने दिवस कसा काढायचा? तेव्हा तुम्हाला एकच विनंती आहे. जुन्या वस्तू जपा, पण जपायच्या म्हणून त्यांना नुसत्या उभ्या करून ठेवू नका. त्या शाळेच्या वाचनालयात कधी गेलात आणि आसपास कोणी नसलं, तर ती दोरी ओलांडा आणि घटकाभर त्याच्यावर बसा. शक्यतो दोघे जण बसा. मी पाठवलं, हे मात्र त्याला कळू देऊ नका.