परवानग्यांचा मानपान

चड्ढांच्या नावावर बाण नेला आणि अरुणाताईंनी माउसवरचा हातच काढून घेतला.

"यांना काय द्यायचं?"

"ते तुम्ही ठरवायचं, अरुणाताई," मागे उभा असलेला हेरंब म्हणाला. "ज्याला कामाला जेवढं लागतं तेवढं. परवानगीच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीवर यादी नुसती बघता येते. दुसरीवर आपल्याकडची नवी नावं घालता येतात. तिसरीवर कुणाचंही काहीही बदलता येतं, पुसताही येतं. आणि चौथीवर सगळंच, अगदी दुसऱ्याला परवानगी देणंसुद्धा."

"चौथी कुणाला द्यायची?"

"शक्यतो कुणालाच नाही."

अरुणाताईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ज्या कंपनीत खन्नासाहेब बसतात तिथे सगळ्यात वरची पायरी रिकामी ठेवायची? हेरंब मुलगा हुशार होता, पुण्याहून येऊन वर्षभरातच त्याने सगळं ऑफिस ईमेलवर आणलं होतं. पण घरचं कार्य अंगावर घेतलेला हा माणूस नव्हे, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

"चलो, मी गुडगावला निघतो. तिथे केबल टाकायच्या आहेत," तो म्हणाला. "तुमच्या जुन्या यादीची एक प्रत माझ्याकडे काढून ठेवलीय. बिल्कुल घाबरू नका."

घाबरण्यासारखं काय होतं ते हेरंबला ठाऊक नव्हतं. खन्नासाहेबांची कंपनी सूत रंगवायचे रंग विकायची आणि तिचं सगळं गिऱ्हाईक पानिपतला. कांबळीवाले, सतरंजीवाले, चादरीवाले, झाडून सगळ्यांचे फोन आणि पत्ते अरुणाताईंकडे होते. आधी डायरीत, मग कॉम्प्युटरवर. फरीदाबादच्या त्या ऑफिसात दिवसभर एकच हाक ऐकू यायची, 'अरुणाजी, ज़रा बंसल का नंबर देना.' ही हाक म्हणजेच त्यांची नोकरी होती. आणि आता ऑफिस गुडगावला, काचेच्या बिल्डिंगमध्ये निघालं होतं. खन्नासाहेब एकदा जाता जाता म्हणाले होते, "वहाँ तो हर बंदा खुद ही देख लेगा, फिर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. अरुणाताईंनी ते घरी जाईपर्यंत मनातल्या मनात वेगवेगळ्या प्रकारे पुरं केलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी त्या घरीच बसलेल्या निघाल्या.

तेव्हा त्यांनी ठरवलं, यादी हातची जाणारच आहे तर निदान चार माणसं खूष होऊन तरी जावी. गुडगावला कुणाकुणाला न्यायचं हा विषय निघाला की कुणीतरी म्हणायला हवं, अरुणाजी को तो ले ही जाना है.

आणि माणसं खूष कशी करायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सासरी आल्या त्याच वर्षी नणंदेच्या लग्नात आहेराचं खातं त्यांच्याकडे आलं होतं. विनायकमामांना शाल देण्याऐवजी टॉवेल-टोपी दिली गेली, आणि मामा जे जेवणावरून उठले ते पुढची कित्येक वर्षं सणावारालाही फिरकले नाहीत. त्या दिवसापासून अरुणाताईंच्या हातून मानपानात चूक झाली नव्हती.

त्यामुळे चौथी पायरी खन्नासाहेबांना. कंपनी त्यांची, त्यांना 'नुसतं बघा' कसं म्हणणार? अकाउंट्सचे गुप्ताजी वयाने मोठे, मधुमेही, स्वभावाने गरीब, त्यांना तिसरी. सेल्सचे हरीश चड्ढा सीनियर, त्यांनाही तिसरी. मलिक नंतर आलेला, त्याला दुसरी. एवढं करून अरुणाताई समाधानाने डबा खायला बसल्या.

डब्यातली भाजी संपायच्या आत मलिक समोर येऊन उभा राहिला.

"मैडम, मेरे से कोई गलती हो गई क्या?"

"नहीं तो. क्यों?"

"गुप्ताजी तो किसी पार्टी को जानते भी नहीं. उनको तीसरी, और मुझे..."

अरुणाताईंना वाईट वाटलं. त्यांनी हात धुतले आणि त्याला तिसरी देऊन टाकली. तासाभरात चड्ढा आले. नुसते पडद्याकडे बघत उभे राहिले आणि एक लांब श्वास सोडला. त्यांना चौथी मिळाली. मग चड्ढांना मिळाली म्हणून गुप्ताजींना, आणि गुप्ताजींना मिळाली म्हणून मलिकला. आठवडा संपेपर्यंत सगळं ऑफिस चौथ्या पायरीवर दाटीवाटीने उभं होतं आणि अरुणाताईंना येता-जाता सगळे हसून नमस्ते करत होते.

"अगं, म्हणजे घराच्या किल्ल्या वाटल्यास की गावभर!" त्यांचे यजमान दिलीपराव म्हणाले. ते सरकारी खात्यात होते. तिथे पंख्याचं बटण दाबायलाही वरून मंजुरी लागायची.

"अहो, किल्ल्या कसल्या? नुसते पत्ते तर आहेत."

"नुसते पत्ते," दिलीपराव म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

आता चड्ढांच्या मनात काय आलं ते सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. पण बंसल ही त्यांची पार्टी, त्यांनी घाम गाळून मिळवलेली, आणि आता तिचा नंबर मलिकलाही दिसू लागला. चड्ढांनी एक साधी युक्ती केली. बंसलचं नाव तसंच ठेवलं, फक्त त्याचा नंबर आणि ईमेल पुसून तिथे स्वतःचा घातला. लावू दे फोन मलिकला! मग आपल्या बाकीच्या पार्ट्यांचंही त्यांनी तसंच करून टाकलं. मलिकला ही युक्ती चड्ढांच्या एक दिवस आधीच सुचली होती. बाकीचे सेल्सवालेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

खन्नासाहेबांचं कामच निराळं. पानिपतचा ग्रोवर, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, फोनवर त्यांच्याशी भांडला. पूर्वी अशा वेळी साहेब फोन आपटायचे. या वेळी ते कॉम्प्युटरकडे वळले आणि त्यांनी ग्रोवरचं नाव यादीतून मुळापासून उडवून टाकलं. त्यांना फार बरं वाटलं. त्याच सुखात त्यांनी आणखी दोघा-तिघांनाही उडवलं.

गुडगावला जाण्याआधी पानिपतच्या व्यापाऱ्यांना शनिवारी फरीदाबादच्या एका हॉटेलात जेवण द्यायचं ठरलं होतं. एरवी अरुणाताईंनी एकेकाला फोन केला असता, बायको-मुलांची चौकशी केली असती आणि "आना ही पड़ेगा" म्हटलं असतं. पण आता यादीवरून आमंत्रण ईमेलने एका फटक्यात सगळ्यांना जातं, असं हेरंबने दाखवलं होतं. त्यांनी पाठवलं. ते एका फटक्यात गेलंही.

चड्ढांना एकाच जेवणाची डझनभर आमंत्रणं आली. मलिकला त्याहून दोन-तीन कमी. अरुणाजी आपल्याला किती मानतात, हे चड्ढांनी मलिकला मुद्दाम ऐकवलं, आणि मलिक दिवसभर कुणाशी बोलला नाही. इतक्या वेळा का बोलावलं, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

शनिवारी दुपारी हॉटेलच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरलेल्या टेबलांच्या रांगाच्या रांगा मांडल्या होत्या आणि एका टेबलाभोवती कंपनीचीच माणसं बसली होती. पनीर गार होत चाललं होतं. दारातून वेटरखेरीज कुणी आत येत नव्हतं. मराठी माणसाने पानिपतच्या भानगडीत पडू नये हे शाळेतच शिकवतात, असं अरुणाताईंच्या मनात येऊन गेलं.

खन्नासाहेबांनी यादी मागवली, मोबाइल काढला आणि बंसलला फोन लावला.

चड्ढांच्या खिशात भांगडा वाजू लागला.

साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. "उठा नहीं रहा," म्हणत त्यांनी पुढचा नंबर लावला. आता मलिकचा खिसा वाजला. त्यांनी तिसरा लावला. टेबलाच्या पार टोकाला सेल्समधला तिवारी खुर्चीवरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. साहेबांनी हळूच मोबाइल खाली ठेवला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग ते अरुणाताईंकडे वळले.

"और ग्रोवर? ग्रोवर का नाम ही नहीं है इसमें! अरुणाजी, सबसे बड़ी पार्टी, और आपने..."

बोलता बोलता ते थांबले. काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. ग्रोवरचं नाव यादीतून कुणी उडवलं हे साहेबांना आणि अरुणाताईंना, दोघांनाही कळलं होतं. तरी दोष कुणाच्या पदरात पडणार तेही अरुणाताईंना कळत होतं, आणि घरी जाताना त्यांचे डोळे भरून आले. ज्यांना ज्यांना वर चढवलं होतं त्यांच्यातल्या एकानेही हॉटेलात तोंड उघडलं नव्हतं.

सोमवारी हेरंबने जुनी प्रत परत बसवून दिली. बंसलला बंसलचा नंबर मिळाला, ग्रोवर आपल्या जागी येऊन बसला.

"परवानग्या आता मी लावून देऊ का?" हेरंबने विचारलं.

"नको. माझ्या मी लावते."

ते काम चहा निवायच्या आत झालं. मलिकच्या नावावर त्या थांबल्या नाहीत, चड्ढांच्या नावावरही नाही. गुप्ताजींपाशी जरा हात अडखळला, पण तेवढंच. शेवटचं नाव राहिलं तेव्हा मात्र त्यांनी पदर नीट केला, आणि मग बटण दाबलं.

दुपारी खन्नासाहेब केबिनमधून स्वतः उठून त्यांच्या टेबलापाशी आले. असं सहसा होत नसे.

"अरुणाजी, मेरे वाले में कुछ गड़बड़ है. एक नाम काटना था, कटता ही नहीं."

"नहीं कटेगा, सर."

"क्यों?"

"आपको अब सिर्फ़ देखने का दिया है. सबको वही दिया है."

गुप्ताजींच्या कॅलक्युलेटरची टकटक थांबली. चड्ढा बुटाची नाडी बांधायला वाकले ते वाकलेलेच राहिले.

"कंपनी मेरी है," साहेब म्हणाले.

"जी सर. संभालना मुझे पड़ता है."

आवाज नेहमीचाच निघाला, त्याचं अरुणाताईंनाच नवल वाटलं. साहेबांनी कमरेवर हात ठेवले, मग काढले.

"और मान लो, ग्रोवर ने फिर दिमाग ख़राब किया. तब?"

"मुझे बता दीजिए. तीसरे दिन काट दूँगी."

"तीसरे दिन क्यों?"

"दो दिन में आपका गुस्सा उतर जाता है, सर."

सेल्सच्या बाजूने कुणीतरी खोकल्याचा आवाज काढला. साहेबांनी तिकडे पाहिलं. सगळी डोकी कागदात होती. ते केबिनकडे निघाले आणि दाराशी पोहोचून वळले.

"गुड़गाँव वाली स्टाफ़-बस आपके सेक्टर से निकलती है?"

"पहले नहीं निकलती थी, सर."

"तो ड्राइवर को बोल दो, वहाँ से होके जाए."

"सुबह ही बोल दिया, सर," अरुणाताई म्हणाल्या.