गप्प बसण्याचं इंग्रजी

धुळ्याच्या सेशन कोर्टात रुपचंद दुभाष्याचा तोरा मोठा. सोनगीरच्या शेतकऱ्याचा हा मुलगा मॅट्रिक झाला, कोट-पगडी चढवून गोऱ्या साहेबाच्या बाजूला उभा राहू लागला, आणि त्याला इंग्रजी शब्दांचं वेडच लागलं. कोणी नुसतं ‘अँग्री’ म्हटलं की हा कान टोचायला तयार. घटकाभराचा राग निराळा, धुमसता राग निराळा, भडकलेला माणूस आणखी निराळा. इंग्रजांकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, असं तो वकिलांनाही सुनावायचा. वकील हसायचे, पण अडलं की त्यालाच विचारायचे. त्यामुळे गडी जास्तच फुगला होता.

त्या दिवशी खटला खुनाचा होता. साक्रीच्या डोंगराकडचा चैत्राम पिंजऱ्यात उभा होता. गावातल्या खाज्याने दारूच्या भरात दगड घालून त्याचा बैल मारला. दुपारी बैल मेला. संध्याकाळी तोच खाज्या चैत्रामच्या दारात येऊन शिव्या देऊ लागला, त्याने चैत्रामच्या बायकोचे केस धरले, आणि चैत्रामने कुडाजवळचा दांडा उचलून एकच घाव घातला. खाज्या जागीच गेला. घाव कोणी घातला यावर वाद नव्हताच. रागाच्या झटक्यात घातला असेल तर तुरुंग, दुपारपासून मनात धरून घातला असेल तर फाशी. आणि त्या मधल्या वेळेची साक्षीदार एकटी त्याची बायको, दगडीबाई.

सरकारी वकिलांनी विचारलं, “बैल मेल्यावर तुझा नवरा कसा होता?”

रुपचंदने तिला तिच्या बोलीत विचारलं. ती म्हणाली, “काई बोलना नई. गुमसुम बशी ऱ्हायना.”

आता याला ‘सायलेंट’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण साध्यावर भागवेल तो रुपचंद कसला! नुकताच एक झोकदार शब्द त्याच्या वाचनात आला होता आणि तो कुठे वापरू असं त्याला झालं होतं.

“सलन,” तो ऐटीत म्हणाला.

साहेबाने शब्द लिहून घेतला. सरकारी वकिलांचा चेहरा खुलला. बाईला पुढे बोलू न देता ते साहेबाकडे वळले. “सलन! म्हणजे मनात अढी धरून, आतल्या आत धुमसत बसलेला. बेत तेव्हापासूनच शिजत होता, युअर ऑनर.” मग तो शब्द त्यांनी सोडलाच नाही. जो मुद्दा मांडला, त्याला तोच जोडला.

बाई फक्त गप्प बसलेला माणूस म्हणाली होती. अढी रुपचंदने पदरची घातली होती. बचावाचे वकील पुण्याकडचे, त्यांना ही बोली कळत नव्हती. बोली आणि इंग्रजी दोन्ही जाणणारा त्या कोर्टात तो एकटाच. म्हणजे त्याची चूक या जन्मी कोणी पकडणार नव्हतं, आणि हेच त्याला फार लागलं. चैत्राम आपल्याच तळहाताकडे बघत उभा होता. आपल्या गळ्याभोवती काय आवळलं जातंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

साहेब दुभाष्याची चूक खपवून घेत नसे. आधीचा दुभाषी असाच घरी बसला होता. रुपचंदची नेमणूक अजून कच्ची. मूग गिळून बसावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण पाय आपोआप पुढे गेले.

“माझा शब्द चुकला, युअर ऑनर,” तो म्हणाला. “बाई असं बोललीच नाही. तिला पुन्हा विचारावं.”

साहेबाचे कान लाल झाले. “या कोर्टात तू आजवर आणखी काय काय स्वतःचं मिसळलंस?” त्याने विचारलं. तरी साहेबाने प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

“कसा गुमसुम व्हता, अक्का? काय करे तो?”

“काय करी?” दगडीबाई म्हणाली. “भाकर वाढी, हात लावा नई. बैलनं दावं मांडीवर लीसन बसना व्हता. राग ऱ्हाता तं तवयच गया ऱ्हाता ना खाज्याकडे.”

या वेळी रुपचंदने एकही शब्द सजवला नाही. भाकर, दावं, मांडी, जसं होतं तसं पुढे ठेवलं. साहेब बराच वेळ लिहीत राहिला.

संध्याकाळी निकाल लागला. फाशी टळली, सात वर्षं सक्तमजुरी झाली. बचावाच्या वकिलांनी रुपचंदचा हात हातात घेऊन दाबला. त्याला हायसं वाटलं, नोकरीची धाकधूकही तो क्षणभर विसरला.

बाहेर आवारात दगडीबाईने त्याला गाठलं. डोंगराकडची माणसं कोणालाच अहोजाहो करत नाहीत.

“भाऊ, तू मधमाच बोलना, आनि मना मानूसले सात वरीस व्हयनात. काय सांगं तू साहेबले?”

“अक्का, मी त्याले वाचाडं,” रुपचंद घाईने म्हणाला. “मी पहिले चुकीनं सांगं व्हतं. तो खुनशी शे, मनमा डाव धरीसन बसना व्हता, असं. मंग मी ते सुधारं.”

त्याला वाटलं, आता ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आज सकायलेच तू त्याले पहिलांदा देखं,” ती म्हणाली. “मंग तो खुनशी शे, हाई तुले कोनी सांगं?”